आठ मणी कमी

अँस्ट्रथरला समुद्र खिडकीपर्यंत येतो,
पण मिस एल्स्पेथना तो आता फक्त ऐकू येतो.
एक्क्याण्णव वर्षं. डोळ्यांत दुधाळ काच.
रात्रपाळीला साडेदहाची गोळी दिली की
म्हणतात, "वाच."

पुस्तक त्यांच्या वडिलांचं. पुठ्ठा सुटलेला,
पानांना तंबाखूचा आणि सर्दावलेल्या कपाटाचा वास.
त्यात एक कॅप्टन आहे, पठाणाच्या वेषात,
ज्याच्या निळ्या डोळ्यांकडे बाराशे मैलांत
कुणाचंच लक्ष जात नाही.
एक गोसावी आहे. गुरूची शेवटची सावली
ज्या शिळेवर पडली, ती शिळा शोधतोय.
मिस एल्स्पेथ गोसाव्याच्या पानांवर पेंगतात,
कॅप्टनने रिकिबीत पाय घातला की जाग्या होतात.

आणि एक मोरो.
नुसता मोरो. आडनाव नाही, गाव नाही,
"तो दख्खनी कारकून", असं सतरा वेळा.
मी मोजलं. मोजायचं त्याच्याकडूनच शिकले:
हातात जपमाळ, ओठांवर नाम,
आणि दर शंभर पावलांना एक मणी पुढे.
लोकांना वाटे, कुणी भाविक चाललाय.
तो आख्खी खिंड मुठीत धरून नेत होता
कलकत्त्यातल्या कुठल्याशा टेबलाकडे.
माळेत मणी हवेत एकशे आठ.
त्याच्या माळेत शंभर. हिशेबाला सोपे.

दोनशे बाराव्या पानावर मोरो मरतो.
अर्ध्या वाक्यात.
स्वल्पविरामाच्या अलीकडे कडा ढासळतो,
पलीकडे कॅप्टन पाइप पेटवतो.

त्या रात्री मी स्वल्पविरामाशी थांबले.
बाहेर बोटींच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर आपटत होत्या.
आणि काही न ठरवता, पान न उलटता,
वाचू लागले, जे तिथे नव्हतं:

की कडा ढासळला तो हातभर पलीकडे.
की मोरो साताऱ्याजवळच्या लिंबचा,
मोरो अनंत घाटपांडे, आणि थंडीत
त्याचा डावा गुडघा दुखायचा.
की गुहेत गोसाव्याने त्याची माळ मागितली,
अंधारात बोटांनीच चाचपली, म्हणाला,
"आठ कुठे गेले रे?"
"सरकारला नको होते."
"आणि तुला?"

मोरोने बंडीची शिवण दातांनी उसवली.
तिथेच होते आठही, डेहराडूनपासून.
जपून ठेवले असं नाही. टाकवले नव्हते, इतकंच.

सकाळी दोघं निघाले.
त्या वाटेची पावलं कुणी मोजली नाहीत.
कलकत्त्याच्या नकाशावर तेवढी जागा
नखाएवढी पांढरी राहिली,
साहेबाने तिथे दौत ठेवली.

मी पुस्तक मिटलं. वाटलं, झोपल्या.
"बाबांच्या प्रतीत," मिस एल्स्पेथ म्हणाल्या,
"तो मेला होता."
हीटर टकटकत होता. प्रत हीच होती.
"मी सात वर्षांची. खूप रडले त्या रात्री.
बाबा म्हणाले, कॅप्टन वाचला ना, मग?"
त्यानंतर बराच वेळ नुसता समुद्र.
मग उशीतूनच, "सापडते का गं ती शिळा?"
म्हटलं, "उद्या."
"आणि त्याच्या गुडघ्याला काहीतरी बांध."

सातला पाळी सुटते.
दारापासून बसथांब्यापर्यंत नऊशे चाळीस पावलं,
रोज तेवढीच. याच वाटेवर मी हिशेब करते,
व्हिसाची फी, खोलीचं भाडं, घरी पाठवायचे पौंड,
शंभराला एक बोट दुमडत.
आज बेकरीच्या दाराशी आकडा चुकला.
गरम पावाचा वास होता, धुकं होतं,
एक सीगल कचऱ्याच्या डब्यावर उभा,
माझ्याकडे बघत, जणू नोंद घ्यायला नेमलेला.

मागे जाऊन पुन्हा मोजायला हवं होतं.
बस आली.